तंबाखू सोडल्यावर तिसऱ्याच दिवशी तलफ इतकी अनावर का होते? निकोटिन मेंदूत नेमके काय करते?

तुमचे वडील पंचवीस वर्षे चुना लावून तंबाखू खात आहेत, दोनदा त्यांनी ती सोडली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा बार भरला. हा मनाचा कमकुवतपणा समजायचा की मेंदूतच काही बदललेले असते, असे तुम्ही विचारले आहे. व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करताना घरच्या मंडळींकडून हाच प्रश्न मी सतत ऐकतो. मेंदू खरोखरच बदललेला असतो आणि दुसरा-तिसरा दिवस हा बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत खडतर असतो, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

मेंदूतील पेशी रासायनिक संदेशवाहकांमार्फत एकमेकींना संदेश पाठवतात. त्यांपैकी असिटिलकोलिन नावाच्या रसायनासाठी पेशींवर जे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या जागा) असतात, त्यांतील काहींवर निकोटिनही नेमके बसते आणि ते ग्राहक उघडते. असे ग्राहक मध्यमेंदूतील ज्या पेशींवर असतात, त्या पेशी उद्दीपित झाल्या की पुढच्या भागात डोपामाइन सोडले जाते. डोपामाइनला सरसकट आनंदाचे रसायन म्हटले जाते, ते मला अपुरे वाटते. आत्ता जे केले ते लक्षात ठेवावे आणि पुन्हा करावे, हे मेंदूला शिकवण्याचे काम ते करते. सिगारेटच्या धुरातून निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते. चघळण्याच्या तंबाखूतून ते सावकाश उतरते, पण बराच वेळ उतरत राहते. चुन्याचा संबंध इथेच येतो. चुना अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिनचा अधिक भाग विद्युतभार नसलेल्या रूपात येतो आणि गालाच्या आतल्या अस्तरातून सहज रक्तात शिरतो.

हे रोज, दिवसातून अनेकदा घडू लागले की ग्राहक बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर हे वाढलेले ग्राहक बव्हंशी मोकळे होतात आणि माणूस अस्वस्थ होऊनच उठतो. उठल्यावर किती मिनिटांत पहिली तंबाखू लागते, हा प्रश्न डॉक्टर आवर्जून विचारतात तो यासाठीच. पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर अवलंबित्व तीव्र मानले जाते. तंबाखूने डोके शांत होते, असे तुमचे वडील म्हणत असतील तर ते खोटे बोलत नाहीत, त्यांना तसे खरेच जाणवते. मात्र जी बेचैनी शमते, तिचा मोठा भाग आधीच्या बाराचा अंमल उतरल्यामुळेच निर्माण झालेला असतो. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे आपल्याकडे अनेक बायका सांगतात, त्यातही तथ्य आहे: निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते आणि ते थांबवल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकते.

चिडचिड, झोपमोड, एकाग्रता न होणे, उदास वाटणे आणि भूक वाढणे ही लक्षणे पहिल्या चोवीस तासांत सुरू होतात, दोन-तीन दिवसांत कळस गाठतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरतात. धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूच्या चित्रणात ग्राहकांची वाढलेली संख्या सहा ते बारा आठवड्यांत पूर्ववत होताना दिसली आहे.

आठवणींतून येणारी तलफ मात्र अधिक चिवट असते. जेवण झाले, हात धुतले, खिशातून पुडी निघाली, तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळली, दोन थापट्या मारून चूर उडवला; हा सगळा क्रम वर्षानुवर्षे निकोटिनशी जोडला गेलेला असतो, त्यामुळे नुसते हात धुतल्यावरही मेंदू पुढच्या पायरीची वाट पाहू लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूच्या इन्सुला या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची धूम्रपानाची इच्छाच एकाएकी नाहीशी झाल्याचे आढळले. शरीराच्या आतल्या संवेदनांची जाणीव करून देणारा हा भाग आहे. तलफ अंगातच उठल्यासारखी का वाटते, हे त्यावरून कळते.

ही उसळी बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जेवणानंतर लगेच उठून फेरी मारणे, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरणे, पुडी आणि चुन्याची डबी घरातून काढून टाकणे हे खरेच उपयोगी पडते. पण इतक्या जुन्या सवयीला केवळ निर्धारावर सोडू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने २ किंवा ४ मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगगम घेता येते. ते नेहमीच्या गमसारखे सतत चघळायचे नसते. तोंडात झिणझिण्या आल्या की गालाशी धरून ठेवायचे असते. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी टाळावी, कारण त्यामुळे तोंडातील आम्लता वाढते आणि निकोटिन नीट शोषले जात नाही. व्हॅरेनिक्लिन हे औषध त्याच ग्राहकांवर बसून त्यांना अर्धवटच उद्दीपित करते, त्यामुळे तलफही घटते आणि वर तंबाखू खाल्लीच तर तिची मजाही कमी होते. ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील.

पुढच्या वेळी वडील सोडतील तेव्हा पहिले तीन-चार दिवस ते चिडले तरी घरात कोणी टोचून बोलू नये आणि गमची सोय सोडण्याच्या आदल्या दिवशीच करून ठेवावी. १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाशुल्क समुपदेशन मिळते. तिथे फोन मात्र त्यांनाच करू द्या.