ब्रायन मेसारखा आवाज यायला कितीची गिटार घ्यावी लागेल?

क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे कुठली गिटार वाजवतो हे कुठेही सापडेल. रेड स्पेशल, वडिलांसोबत घरीच बनवलेली, 1963 ला काम सुरू केलं तेव्हा पोरगा शाळेत होता. नेकचं (गिटारच्या मानेचं) लाकूड जुन्या फायरप्लेसचं, ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर हलवणाऱ्या दांडीच्या, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, फ्रेटबोर्डवरचे (बोटं ठेवायच्या पट्टीवरचे) ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पण तुम्ही "कितीची" विचारलंत ना, तिथे डोकं फिरलं, आवाज किमतीत नसतो.

कॉलेजात आमच्या बँडमध्ये एक दादा होता, त्याच्याकडे बाहेरून आणलेली लेस पॉल, म्हणजे महागडी गिब्सन, माझ्याकडे फेंडर स्ट्रॅटची सेकंडहँड स्वस्त नक्कल, आणि दर प्रॅक्टिसला त्याचं एकच, या डब्यातून क्वीनचा आवाज निघणार नाही. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्लाइड स्विच आणले, पिकगार्ड (तारांखालचं प्लास्टिकचं पान) उघडून पिकअप निवडायचा पाच पोझिशनचा सिलेक्टर काढून टाकला आणि मे करतो तसं केलं, तिन्ही पिकअप (तारांचा आवाज टिपणारी चुंबकं) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले, प्रत्येकाला एक ऑन-ऑफ आणि एक फेजचा, म्हणजे वायरी उलट करणारा, स्विच. दादा म्हणाला, रेडिओ रिपेरिंग चाललंय का. मग गॅदरिंगच्या आदल्या दिवशी नेक आणि मिडल उलट्या फेजला टाकून बोहेमियन ऱ्हॅप्सडीचा सोलो वाजवला, तो नाकातून ओरडल्यासारखा पातळ आवाज बरोब्बर आला, कारण फेज उलटी केली की दोन पिकअपचा खर्ज एकमेकांना खातो आणि वरचंच उरतं. साध्या लेस पॉलवर हे आतलं काही न बदलता होत नाही. दादाने मान्य केलं? ड्रमर जोरात वाजवत होता म्हणे, नीट ऐकू आलं नाही.



अँपवर मात्र पैसे घाला. ब्रायन मेचा अँप व्हॉक्स एसी 30, आवाज पूर्ण चढवलेला, पुढे ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उचलणारा छोटा डबा), आणि क्लीन हवं असेल तर गिटारचाच व्हॉल्यूम कमी. फ्लॅटमध्ये एसी 30 पूर्ण चढवलात तर सोसायटीची मीटिंग लागेल, तेव्हा छोटा घ्या. प्लास्टिकचं पिक (तार छेडायची चकती) फेकून द्या, तो सिक्सपेन्सचं जुनं इंग्लिश नाणं वापरतो, कडेच्या दात्यांनी तार खरवडते, आपलं दाते असलेलं कुठलंही जुनं नाणं चालतं.

तयारच हवी असेल तर त्याच्याच कंपनीच्या गिटारी मिळतात, वाईट नाहीत. आणि हो, हे वायरिंग फेंडरच्या टेलिकॅस्टर गिटारवर करणार असाल तर नेक पिकअपचं धातूचं कव्हर पिकअपच्याच ग्राउंडच्या वायरीला जोडलेलं असतं, ते आधी वेगळं करून सरळ ग्राउंडला जोडा, नाहीतर फेज फिरवून कव्हरला हात लागला की गुंई करणार आणि तुमच्याकडचा दादा म्हणणार, बघ, सांगत होतो.