रानातली झाडं ओळखायला शिकायचंय? मे महिन्यात जा

तुम्ही विचारलंय की, सह्याद्रीत भटकताना झाडं ओळखायला कशी शिकावीत, आणि त्यासाठी पावसाळा बरा की हिवाळा. माझं उत्तर उन्हाळा. पावसाळ्यात सगळंच हिरवं, नवख्याला त्यातलं काही वेगळं दिसत नाही. मी हे इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका टेकडीवर आम्ही वृक्षारोपणासाठी खड्डे खणत होतो. मे महिना. गटाचे प्रमुख वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे. उतारावर चार झाडं होती, एकावरही पान नव्हतं. काका कोयतेवाल्याला म्हणाले, "ही मेलीयत, काढून टाक, जागा होईल." मी म्हटलं, "काका, ही सालई आहे, जिवंत आहे." त्यावर ते म्हणाले, "ना पान, ना फूल. नाव कशावरून सांगतेस?"

सालीवरून! सालईची साल राखाडी-हिरवट, तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटतात. मी एक पापुद्रा काढून खाली नख लावलं. आत ओलं हिरवं. बोटाला चीक लागला, त्याला थेट देवघरातल्या धुपाचा वास. बोट काकांपुढे धरलं. ते म्हणाले, "उन्हात वाद नको." तोवर दोन झाडं आडवी झाली होती. उरलेल्या दोघांच्या बुंध्याशी मी बसून राहिले, म्हणून ती वाचली. जूनमध्ये दोन-तीन सरी पडल्या आणि त्यांच्या फांद्यांच्या टोकांना पानांचे झुबके आले. काकांना मी मुद्दाम नेऊन दाखवले. ते काही बोलले नाहीत.

पानगळीचं झाड उन्हाळ्यात पाणी वाचवायला पानं टाकतं, एवढं साधं ज्ञान नसलेली माणसं टेकड्या हिरव्या करायला निघतात, याचा मला आजही राग येतो.

तर, एकच पायवाट धरा आणि तिच्यावरची दहा झाडं निवडा. वर्षभर दर महिन्याला त्याच दहांना भेटा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. पान उलटं केलं की देठाजवळ दोन गाठी हाताला लागतात. अर्जुन त्याचाच भाऊबंद, दोघांच्याही फळांना पाच पंख. पण अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी, आणि तो बहुतेक ओढ्या-नदीच्या काठाने भेटतो. म्हणजे झाड कुठे उभं आहे, हीसुद्धा ओळखच. पळसाला पाने तीन हे सगळ्यांना पाठ असतं, पण तीन पानं पांगाऱ्यालाही असतात. फांदीवर काटे दिसले तर पांगारा. दसऱ्याला आपटा म्हणून सर्रास कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. हे एकदा हातात घेऊन पाहिलं की फसायला होत नाही.

मोबाइलमधलं ॲप फुलाच्या फोटोवर बरं चालतं, पण मे महिन्यातल्या नुसत्या खोडासमोर त्याचा भरवसा धरू नका. गावातल्या गुराख्याला किंवा लाकूडफाटा आणणाऱ्या बाईला विचारा. माझा मामा मुळशीतला, कधी शाळेत गेला नाही, पण नुसत्या वासावरून झाडाचं नाव सांगायचा.

एक सांगायचं राहिलं. नख लावायचं ते बारीक फांदीला, खोड सोलत बसू नका. माहीत नसलेल्या झाडाचा चीक डोळ्याला लागू देऊ नका. बिब्ब्याचा तर अंगालाही नको, फोड येतात. आणि रानभाजी स्वतःच्या ओळखीवर पहिल्याच वर्षी खाऊ नका. फोडशीच्या जागी कळलावीचा कोवळा कोंब खुडला, तर जिवावर बेतू शकतं.

आणि पुढच्या मे महिन्यात कुणी तुम्हाला खड्डे खणायला बोलावलं, तर कुदळ हातात घेण्याआधी तिथल्या पान नसलेल्या प्रत्येक झाडाच्या फांदीला नख लावून बघा.