सिलिकॉनच्या पट्टीचा मोड्युलस हिशोबाच्या पाचपट? आधी दोऱ्या मोज

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. दोन्ही टोकांना व्हायनिल असलेलं २८,००० रेणूभाराचं सिलिकॉन तेल, चार हातांचा क्रॉसलिंकर (साखळ्यांची टोकं गाठीत बांधणारा), अन् जोडणी घडवायला प्लॅटिनम. सूत्रात (घनता गुणिले वायू-स्थिरांक गुणिले केल्विन तापमान, भागिले रेणूभार) टाकलं तर मोड्युलस, म्हणजे रबराचा कडकपणा, ०.०८६ मेगापास्कल, अन् घरी पट्टीला १०० ग्रॅम टांगले तर ०.४१. पाचपट फरक, म्हणून थेअरीच फालतू आहे का, असं विचारून राहिला तू. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीत सिलिकॉनच्याच कामात बरीच वर्षं काढली, आता गावाकडे साचे बनवतो, अन् हा घोळ मीही घातलेला आहे.

पहिलं म्हणजे सूत्रातून येतो तो शिअर मोड्युलस (आडवं सरकवतानाचा), तू मोजला तो यंग्जचा (ओढतानाचा), अन् रबरात यंग्जचा शिअरच्या तिप्पट असतो. त्यात तू सरळ भागाकार केला. ५० मिमीचे ५६ झाले म्हणजे लांबी १.१२ पट, तर १.१२ मधून १ भागिले १.१२ चा वर्ग वजा कर, ०.३२ येते. पट्टी १० बाय २ मिमीची, म्हणजे १०० ग्रॅमचा ताण ०.०४९ मेगापास्कल. भाग दे, ०.१५ आले, हा शिअरचा. अर्धं भांडण इथंच मिटलं.

आता तो २८,००० चा आकडा. डेटाशीट काढून बघ, तो बहुतेक वजन-सरासरीचा असेल, ज्यात लांब साखळ्यांना जास्त भाव मिळतो. दोऱ्या, म्हणजे साखळ्या, किती हे मोजायला संख्या-सरासरी (एकूण वजन भागिले साखळ्यांची संख्या) लागते, अन् असल्या तेलात ती साधारण निम्मी धरायला हरकत नाही, म्हणजे १४,०००. घनता ०.९७ धरून परत कर, ०.१७ येते. मापलेलं ०.१५, हिशोब ०.१७, इथंच लोक खुश होऊन उठतात. मीही उठलो होतो, मग दुसऱ्या रेणूभाराचं तेल घेतलं अन् तोच हिशोब साफ फसला.

कारण ते ०.१७ अफाइन मॉडेलचं आहे, त्यात गाठी जागच्या हलत नाहीत असं गृहीत धरलंय. जेम्स अन् गुथचं फँटम मॉडेल म्हणते गाठी थरथरतात, चार हातांच्या गाठीला निम्मंच उरते, ०.०८६. (तुझाच आकडा परत आला, पण तो योगायोग आहे, त्याला भुलू नको.)

मग बाकीचं येते कुठून? घरची बाज बघ. एखादी दोरी एकाच टोकाला बांधलेली असली तर ती नुसती लोंबते, वजन धरत नाही. पण ज्या दोऱ्या एकमेकींच्या वरून-खालून गेल्यात त्या गाठ नसतानाही एकमेकींना दाबून धरतात. सिलिकॉनची साखळी १२,००० रेणूभाराच्या आसपास गेली की हे गुंतणं सुरू होते, अन् सगळं गुंतणं अडकून राहिलं तर त्याचं एकट्याचंच ०.२ मेगापास्कलपर्यंत जाते. किती अडकलं हे लँगलीच्या पद्धतीने काढतात, अन् लोंबती टोकं किती हे मिलर अन् मॅकोस्कोच्या १९७६ च्या गणिताने.

त्यासाठी एकच मोजमाप पायजे, सोल, म्हणजे जाळ्याला न बांधलेला, विरघळून निघणारा भाग. वजन केलेला तुकडा टोल्युइनमध्ये काही दिवस बुडव, मधून मधून टोल्युइन बदल, मग हळूहळू वाळवून परत वजन कर (कॉलेजच्या लॅबमध्ये बरं, घरी चुलीजवळ नको). समजा २ टक्के निघालं. वर्गमूळ ०.१४, म्हणजे एखाद्या टोकापासून निघालं तर जाळ्यापर्यंत पोचायची शक्यता ०.८६, तिचा चौथा घात ०.५४, गुणिले ०.२, झाले ०.११. तेवढ्याच सोलला गाठींचा वाटा फँटमच्या जवळपास निम्मा उरतो, ०.०४५. बेरीज ०.१५. एवढं गोड नेहमी जमत नाही बरं का! तेलात आधीपासून असलेली बिनकामाची वर्तुळी रेणूंची भेसळ पण सोलमध्येच निघते, ती जमलं तर वेगळी मोजून वजा कर. शिवाय काही साखळ्यांची दोन्ही टोकं एकाच गाठीला जाऊन बसतात, त्या फुकट जातात. त्याची दुरुस्ती २०१६ मध्ये सायन्स नावाच्या शोधपत्रिकेत आली, पण पातळ न केलेल्या तेलात मी तरी ती शेवटी बघतो.

बाजारातली दोन डब्यांची किट वापरली असती तर हे सगळं विसर, त्यात सिलिका नाहीतर रेझिन भरलेलं असते अन् ते नुसत्या जाळ्याचं गणित पार बिघडवते.

उन्हामुळे मोड्युलस वाढला का, हेही विचारलंस. मोड्युलस केल्विनच्या प्रमाणात वाढतो, २५ वरून ४५ अंशांवर गेलं तर जेमतेम ७ टक्के. पाचपटीचा दोष उन्हाला देता येत नाही. पण शेडमध्ये फवारणीचं गंधक ठेवलंय का ते बघ, प्लॅटिनमला गंधक चालत नाही. माझी एक अख्खी शीट खालून चिकटच राहिली होती अन् मी आठवडाभर क्रॉसलिंकरचं माप बदलत बसलो, शेवटी कळलं की टेबलावर गंधकाच्याच पोत्याची धूळ होती.

सोलचा आकडा अन् किती अंशांवर किती तास पकवलं ते टाक इथं, मग क्रॉसलिंकर कमी पडला का जास्त झाला ते बघू.