दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट क्लोज केलं तरी रिसीव्ह सुटत नाही. थ्रेड सुरक्षितपणे कसा थांबवावा?

तुमचा थ्रेड (प्रोग्राममधली स्वतंत्र चालणारी धार) रिसीव्हवर, म्हणजे सॉकेटमधून (नेटवर्क जोडणीच्या टोकातून) डेटा येण्याची वाट बघत अडकलाय, मुख्य थ्रेडनं सॉकेट क्लोज केलं तरी जॉइन (थ्रेड संपेपर्यंत थांबणारा कॉल) परत येत नाही, म्हणून पीथ्रेड कॅन्सल (थ्रेड बाहेरून मारणारा कॉल) वापरू का असं विचारताय. वापरू नका. आणि लिनक्सवर सीमध्ये दुसऱ्या थ्रेडमधून क्लोज तर मुळीच नको. जॉइन लटकणं हा त्यातला सौम्य त्रास आहे. खरा घात कसा होतो ते वणीकडच्या एका कापसाच्या जिनिंगवर दिसलं.

तिथं दोन वजनकाटे होते, मोठा ट्रॅक्टर-ट्रकचा आणि छोटा बैलबंड्यांचा. इंडिकेटरवर प्रिंट दाबलं की सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरमधून वजनाची एक ओळ संगणकावर यायची. मोठ्या काट्याचं सॉकेट डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटला कर्नल देतं तो क्रमांक) ७ होतं. ऑपरेटरनं पडद्यावर काटा बदलला की प्रोग्राम ७ क्लोज करून छोट्या काट्याला नवं सॉकेट उघडायचा. लिनक्स सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतं, म्हणून नव्या सॉकेटलाही ७ च मिळाला. इकडं जुना थ्रेड रिसीव्हमध्येच. कर्नलनं त्याच्यासाठी जुनं कनेक्शन धरून ठेवलेलं असतं, म्हणून समोरच्याला फिनसुद्धा (कनेक्शन संपल्याचा टीसीपी निरोप) जात नाही. मग मोठ्या काट्यावर प्रिंट दाबलं गेलं, जुना थ्रेड सुटला, लूपमध्ये फिरून पुन्हा ७ वर रिसीव्हला बसला. आता ७ म्हणजे छोटा काटा! थांबण्याचा फ्लॅग सगळ्या थ्रेडना एकच होता आणि नवा थ्रेड सुरू करताना तो पुन्हा मूळ स्थितीत आणला होता, त्यामुळे जुन्याला थांबायचं कळलंच नाही. दोन थ्रेड एकाच सॉकेटवर, ओळ कधी याला तर कधी त्याला. बंडीचं ११८० किलो ट्रॅक्टरच्या पावतीवर छापलं गेलं. हा कास्तकाराच्या पैशाचा प्रश्न आहे, एरर मात्र एकही येत नाही.

टीसीपीला साधा उपाय: प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र ॲटॉमिक फ्लॅग (अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वाचता-लिहिता येणारी ‘थांब’ची खूण) लावा, मग सॉकेट दोन्ही बाजूंनी शटडाउन करा, मग जॉइन, आणि क्लोज जॉइननंतरच. शटडाउननं डिस्क्रिप्टर मोकळा होत नाही, फक्त अडकलेलं रिसीव्ह बफरमधला उरलेला डेटा देऊन शून्य परत करतं. थ्रेड नेमका फ्लॅग तपासणं आणि रिसीव्ह यांच्या मधे असला तरी चालतं, पुढचं रिसीव्ह लगेच शून्य देईल. थ्रेडला उठवायला सिग्नल पाठवला तर तसं नाही. त्या फटीत सिग्नल आला की वाया गेला, थ्रेड पुन्हा झोपला.

कनेक्शन न तोडता नुसतं वाचन थांबवायचं असेल तर इव्हेंट-एफडी (थ्रेडला उठवायला वापरायचा लिनक्सचा खास डिस्क्रिप्टर) घ्या. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करा, पोलमध्ये (अनेक डिस्क्रिप्टरांवर एकदम वाट बघणारा कॉल) सॉकेट आणि इव्हेंट-एफडी दोन्ही द्या. थांबवायला ८ बाइटचा आकडा १ लिहा, कमी बाइट लिहिले तर इनव्हॅलिडचा एरर येतो. तो वाचून रिकामा करू नका, म्हणजे त्यावर थांबलेले सगळे थ्रेड उठतील. नॉन-ब्लॉकिंग यासाठी की पोलनं ‘डेटा आहे’ म्हटलं तरी क्वचित रिसीव्ह पुन्हा अडकू शकतं.

‘एक सेकंदाचा टाइमआउट लावा, झालं’ असं सांगणारे खूप भेटतात. चालतं, पण अर्धी ओळ वाचून टाइमआउट झाला तर तो अर्धा भाग जपून ठेवावा लागतो, आणि तिथंच लोक चुकतात. कॅन्सलवाल्यांनी हे पाहावं: राइटही कॅन्सलेशन पॉइंट आहे, म्हणजे कॅन्सल झालेला थ्रेड तिथंच मरू शकतो. पावती अर्धी लिहिलेली आणि म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) धरलेला असताना थ्रेड मेला तर बाकीचे कायमचे अडकतात. सी++ मध्ये सगळं पकडणारा कॅच ब्लॉक असेल आणि त्यानं ते पुढं फेकलं नाही, तर जीलिबसी (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) अख्खा प्रोग्राम पाडतं.

भारनियमनाचं वेगळं. संगणक इन्व्हर्टरवर, काट्याकडचा कन्व्हर्टर बंद, फिन येतच नाही. कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते तपासणारी टीसीपीची सोय) मुळात बंदच असतं. चालू केलं तरी डीफॉल्टनं ७२०० सेकंद शांतता गेल्यावर तपासणी सुरू, वर ७५ सेकंदांच्या ९ खेपा, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. त्याजागी १० सेकंद, मग ५ सेकंदांच्या ३ खेपा ठेवा, पंचवीसेक सेकंदांत कळेल.

हे सगळं लिनक्स आणि सी धरून सांगितलं. टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) असेल तर पोलच्या आधी ओपनएसएसएलचं एसएसएल पेंडिंग फंक्शन तपासा, डेटा लायब्ररीच्या बफरमध्ये असतो आणि पोलला तो दिसत नाही. जावाच्या नेहमीच्या (व्हर्च्युअल नसलेल्या) थ्रेडमध्ये साध्या सॉकेटला इंटरप्ट (थ्रेडला थांब सांगणारी जावाची सोय) लागू पडत नाही, तिथं मात्र दुसऱ्या थ्रेडमधून क्लोज करणं हाच ठरलेला मार्ग आहे, रीडमधून सॉकेट एक्सेप्शन येतं.