कमी लोक वापरतात ती ऑपरेटिंग सिस्टिम व्हायरसपासून सुरक्षित असते का?

प्रश्न : विंडोजला व्हायरसचा त्रास फार होतो, म्हणून मी संगणकावर लिनक्स टाकण्याच्या विचारात आहे. थोडे लोक वापरतात त्या प्रणालीच्या वाटेला व्हायरस लिहिणारे जात नाहीत, असे म्हणतात. हे कितपत खरे आहे? मग अँटिव्हायरसही नको का?

उत्तर : हे अर्धेच खरे आहे. व्हायरस लिहिणाऱ्याला कमी कष्टात जास्तीत जास्त संगणक हवे असतात, त्यामुळे घरगुती संगणकांवरचे बहुतेक हल्ले विंडोजला डोळ्यांसमोर ठेवून होतात आणि लिनक्सवाल्यांना त्याचा फायदा नक्कीच मिळतो. परंतु हा फायदा हल्लेखोरांच्या दुर्लक्षाचा आहे, आणि दुर्लक्ष कधी संपेल ते आपल्या हाती नसते. मॅकला व्हायरस लागत नाही, असा समज पक्का असताना २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे सहा लाख मॅक संगणक बाधित केले. ज्या त्रुटीतून तो शिरला ती जावा या सॉफ्टवेअरमधील होती. जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने ती फेब्रुवारीत दुरुस्त केली, पण अ‍ॅपलची दुरुस्ती मॅकवर पोहोचायला एप्रिल उजाडला.

शिवाय लिनक्स दुर्लक्षित आहे, हेही घरच्या संगणकापुरतेच खरे. इंटरनेटवरचे असंख्य सर्व्हर आणि राउटर त्यावरच चालतात, आणि २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने अशाच राउटरांत व कॅमेऱ्यांत प्रवेश मिळवला, तोही कंपनीने घालून दिलेले आणि कोणीच न बदललेले पासवर्ड वापरून.

लिनक्सचे खरे बळ तिच्या रचनेत आहे. बहुतेक सॉफ्टवेअर लिनक्सची आवृत्ती तयार करणाऱ्या वितरकाच्या ऑनलाइन भांडारातून, डिजिटल स्वाक्षरी (फाइल खऱ्या निर्मात्याचीच असल्याची सांकेतिक खूण) तपासून येते आणि प्रणालीत बदल करायचा तर वेगळी परवानगी लागते. मात्र तुमचे फोटो आणि कागदपत्रे तुमच्याच खात्यात असतात; तुम्ही स्वतः चालवलेल्या घातक प्रोग्रामला ती कुलूपबंद करण्यासाठी त्या परवानगीची गरजच पडत नाही. बँकेच्या बनावट पानावर तुम्ही पासवर्ड भरलात, तर खाली कोणती प्रणाली आहे याने काहीच फरक पडत नाही.

तुम्ही आता लिनक्स उतरवून घेणार आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत संकेतस्थळात घुसून हल्लेखोरांनी डाउनलोडची लिंक बदलली आणि काही लोकांनी चोरवाट असलेली आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्याची फाइल) विश्वासाने उतरवली. फाइल मिळाली की तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलीतून गणिताने काढलेली, तिच्या ठशासारखी अक्षर-अंकांची ओळ) काढून प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी ताडून पाहा. मात्र संकेतस्थळच ताब्यात गेले असेल तर तिथला चेकसमही बदललेला असू शकतो, म्हणून शक्य असेल तिथे त्याची डिजिटल स्वाक्षरीही तपासा.

अँटिव्हायरस आधी टाकण्याची घाई नको. विंडोजवाल्यांशी फाइलींची देवाणघेवाण जास्त असेल, तर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस उपयोगी पडेल. त्याआधी स्वयंचलित अपडेट सुरू करा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत एरवी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा आणि सुरक्षा अपडेट अजून मिळत आहेत अशीच आवृत्ती निवडा.