धुळे-जळगावसारख्या शहरात कॅमेऱ्यावर चालणारे एआय सिग्नल बसवले तर ट्रॅफिक सुटेल का, की रस्तेच रुंद करावे लागतील?

तुम्ही खाली लिहिलंय की तुमच्या कॉलनीच्या चौकात संध्याकाळी वीस-वीस मिनिटं जातात, रस्ता रुंद करायला दुकानदारांचा विरोध आहे आणि आता कोणीतरी म्हणतंय की एआयचा सिग्नल बसवा, भिंतीला हात लावायची गरजच नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण अगदी हेच वाक्य मी गेली दोन वर्षं घरच्याच माणसाच्या तोंडून ऐकतोय.

सरळ सांगतो, नाही सुटणार. मी सिव्हिल डिप्लोमावाला, धुळ्यात सव्वीस वर्षं लेआउटचे नकाशे काढतोय, म्हणून थोडं हिशोबाने बोलतो. तो सिग्नल करतो काय, तर कॅमेऱ्याने रांग मोजतो आणि ज्या बाजूला रांग मोठी तिकडे हिरवा जास्त वेळ देतो. म्हणजे वेळेची वाटणी करतो, रस्ता वाढवत नाही. इंडियन रोड काँग्रेसचं जुनं सूत्र आहे, चौकाकडे येणारी बाजू साडेपाच मीटरच्या वर असेल तर अखंड हिरवा धरून तासाला ५२५ गुणिले रुंदी एवढ्या गाड्या निघतात (कारच्या हिशोबात, मोटरसायकल वेगळी मोजतात). ९ मीटर असेल तर ४७२५, ६ मीटर असेल तर ३१५०. आता ९० सेकंदाच्या फेरीत ३० सेकंद हिरवा धरा. ९ मीटरच्या बाजूने तासाला १५७५ गाड्या निघतील. तेवढ्याच गाड्या ६ मीटरमधून काढायच्या तर हिरवा ४५ सेकंद लागतो. हे १५ सेकंद आणायचे कुठून? समोरच्या आडव्या रस्त्याच्या हिरव्यातून कापायचे, म्हणजे तुमचा जाम उचलून शेजारच्याच्या दारात नेऊन ठेवायचा. यंत्र कितीही हुशार असू द्या, जे ३ मीटर कोणीतरी खाल्लेत ते त्याला परत आणता येत नाहीत.

आता ते ३ मीटर कोण खातं ते सांगतो, कारण मी ते होताना डोळ्यांनी बघितलंय.

धुळ्यात पांझरा नदीपलीकडे देवपूर बाजूला आमची जमीन होती, आप्पा (माझे वडील) आणि नाना (काका) यांच्यात निम्मी-निम्मी वाटलेली. दोघांच्या वाटणीच्या बांधावरूनच डीपीतला (शहराच्या विकास आराखड्यातला) १८ मीटरचा रस्ता जात होता, म्हणजे ९ मीटर आप्पांनी सोडायचे, ९ मीटर नानांनी. आप्पा एसटीत ड्रायव्हर, धुळे-नाशिक, धुळे-शिरपूर अशा गाड्या आयुष्यभर चालवलेल्या. १९९४ साली त्यांनी रीतसर लेआउट करायला घेतलं, एनए (शेतजमीन बिनशेती करणं), मोजणी, ओपन स्पेस, सगळं. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो आणि मला वाटायचं नकाशा म्हणजे कागदाचं काम. आप्पांना कागद पटायचा नाही. नकाशात कोपरा काटकोनात दाखवला होता, ते म्हणाले, इथे गाडी वळणार कशी?

एका रविवारी त्यांनी ओळखीच्या माणसाची कांद्याची रिकामी ट्रक शेतात आणली. भुईमूग काढून झाला होता, जमीन कडक होती. आम्ही चुन्याच्या फक्कीने रस्त्याच्या रेषा मारल्या, नकाशात होत्या तशाच, आणि आप्पा स्वतः ट्रक घेऊन त्या कोपऱ्यावर वळले. पुढचं चाक रेषेत राहिलं आणि मागचं चाक रेषा ओलांडून प्लॉटमध्ये घुसलं, तिथली फक्की पुसली गेली. पुन्हा वळले, पुन्हा तेच. मला म्हणाले, बघ, मोठी गाडी वळताना मागचं चाक नेहमी आत कापतं, हे तुझ्या मास्तरला विचार. मग जिथे चाक गेलं तिथे एक दगड ठेवला, आणि त्याच्यापुढे दोन पावलं मोजून आणखी आत दुसरा दगड, कारण एसटी त्या ट्रकपेक्षा लांब. त्या दुसऱ्या दगडापासून कोपरा गोल कापला आणि त्यात एका प्लॉटचा चांगला तुकडा गेला. तेव्हाच्या भावानेसुद्धा ते नुकसान लहान नव्हतं, घरात दोन बहिणींची लग्नं बाकी होती.

नाना बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाऊ, तू काबर एवढी जमीन सोडी राहिना? सरकार ई तवय देखसूत." म्हणजे एवढी जमीन का सोडतोस, सरकार येईल तेव्हा बघू. आप्पांनी एवढंच उत्तर दिलं, "उद्या आठे यष्टी ई, ती वळाले पाहिजे." (उद्या इथे एसटी येईल, ती वळली पाहिजे.)

नानांनी लेआउट केलंच नाही. त्यांनी गुंठा-दोन गुंठे करून स्टॅम्प पेपरवर विकलं, घेणारे गरीब लोक, त्यांना स्वस्त मिळालं, त्यांना मी दोष देत नाही. पण रस्त्यासाठी आपल्या बाजूने ९ मीटर सोडायचे तिथे नानांनी ६ सोडले आणि कोपऱ्यावर स्वतःसाठी चार गाळे बांधले, बरोबर काटकोनात. पुढे २००१ मध्ये गुंठेवारीचा, म्हणजे असे गुंठ्यांनी विकलेले प्लॉट नियमित करण्याचा, कायदा आला, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली गेली, आतल्या घरांना त्याचा फायदा झाला आणि व्हायलाच पाहिजे होता. पण डीपी रस्त्यात येणारं बांधकाम त्यात नियमित होत नाही, गाळे तसेच अधांतरी उभे आहेत, भाडं मात्र चालू आहे. नाना शेवटपर्यंत नगररचना कायद्याच्या कलम १२७ची नोटीस देतो म्हणायचे, म्हणजे डीपी लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही तर नोटीस द्यायची, आणि पुढे चोवीस महिन्यांत (आधी ही मुदत कमी होती) हालचाल झाली नाही तर आरक्षण गळतं. नोटीस त्यांनी कधी दिली नाही, कारण दिली असती तर मोजणी झाली असती.

आप्पा २०१३ ला गेले. आमच्या बाजूचा ९ मीटर आजही मोकळा आहे, त्यावर लोक गाड्या लावतात ते वेगळं. नानांच्या बाजूला ६ मीटर, त्यात गाळ्यांच्या पायऱ्या, पायऱ्यांपुढे मोटरसायकली, म्हणजे चालू रस्ता चारच मीटर. चौकाकडे येणारी रांग नेमकी त्याच बाजूला लागते. शाळेची बस त्या कोपऱ्यावर दोनदा मागे-पुढे केल्याशिवाय वळत नाही आणि ती अडकली की मागे सगळं थांबतं. तुम्ही ज्याला ट्रॅफिकची समस्या म्हणता ती आमच्याकडे या एका कोपऱ्याची समस्या आहे, आणि माझी खात्री आहे तुमच्या चौकातही असा एखादा कोपरा असणार, जाऊन बघा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने, म्हणजे नानांच्या मुलाने, सह्यांचं निवेदन काढलं की इथे स्मार्ट सिग्नल आणि कॅमेरे बसवा. मुलगा हुशार आहे, पुण्यात आयटीत होता, मोबाईलवर मला दुसऱ्या देशातले व्हिडिओ दाखवतो की बघ दादा, तिथे सॉफ्टवेअरने जाम कसा कमी केला. मी त्याला विचारलं की त्या व्हिडिओत रस्त्यात कोणाचे गाळे आहेत का. तर म्हणतो तुम्ही लोक जुन्या विचारांचे, प्रत्येक गोष्टीला तोडफोडच सुचते, टेक्नॉलॉजीवर तुमचा विश्वास नाही.

हे मला लागलं, कारण विश्वास नाही असं अजिबात नाही. २०२२ मध्ये आमच्या बाजूच्या एका प्लॉटची मोजणी रोव्हरने झाली, पूर्वी साखळी-टेबलावर दिवस जायचा ते काम सकाळी सुरू झालं आणि जेवणाच्या आत संपलं, सॅटेलाइटवरून पॉइंट घेतले. मोजणीवाल्याला मी सहज म्हटलं, तो समोरचा कोपरापण घ्या. घेतला. भिंत रस्त्याच्या आखणीत जवळपास ३ मीटर आत होती. मला आकडा आधीपासून माहीत होता, पण यंत्राने सांगितला तेव्हा बरं वाटलं.

शहराला कामाची टेक्नॉलॉजी ही आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती चौकात खांबावर लावायची नाही, ती प्लॉट विकला जाण्याच्या आधी लागते. भूनकाशाच्या साइटवर आज कोणीही गट नंबर टाकून आपल्या शेताचा आकार बघू शकतो. त्याच नकाशावर डीपीचे रस्ते आणि आरक्षणं आखून लोकांच्या मोबाईलवर द्या, सातबाऱ्यावर लिहा की या गटातून १८ मीटरचा रस्ता जातो. मग नानांकडून दोन गुंठे घेणाऱ्या माणसाला व्यवहार करण्याआधीच दिसलं असतं की तो रस्ता विकत घेतोय. आज त्यासाठी झोन दाखला (जमीन डीपीत कशासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (डीपीच्या नकाशाचा तेवढा तुकडा) मागावा लागतो, आणि निम्म्या लोकांना तो मागायचा असतो हेच माहीत नसतं. एकदा भिंत उभी राहिली, आत भाडेकरू आले, त्यांची पोरं शेजारच्या शाळेत जायला लागली की मग कोणत्याही ऑफिसरला ती पाडणं जमत नाही, आणि मग सिग्नलचं टेंडर निघतं.

दुसरी गोष्ट, दोन भावांपैकी एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने नाही, ही पद्धतच चुकीची आहे. माझी मोठी बहीण सुरतला असते, डिंडोलीकडे, तिथे अर्धं खानदेश राहतं. तिकडे टीपी स्कीम करतात, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, बाग, शाळेची जागा काढून घ्यायची आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या हिश्शाप्रमाणे चौकोनी फायनल प्लॉट करून परत द्यायची. कट सगळ्यांना बसतो म्हणून कोणी येडा ठरत नाही. हीच टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही आहे, १९१५ च्या मुंबई कायद्यापासून चालत आलेली, पण आपल्याकडे वापरतात फार थोड्या ठिकाणी. धुळ्याचीच जुनी पेठ बघा, १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेली, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, आजही सरळ. आधी आखलं आणि मग घरं झाली म्हणून.

आणि बसचं विसरू नका. केंद्राची पीएम ई-बस सेवा २०२३ मध्ये मंजूर झाली, दहा हजार बसची, ३ लाखांच्या वर लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत धुळं ३,७५,५५९ आणि जळगाव ४,६०,२२८, म्हणजे आकड्याने दोन्ही बसतात. पण १२ मीटरची बस आमच्या त्या कोपऱ्यावर वळणारच नाही, ७ किंवा ९ मीटरची आणावी लागेल, तीही कशीबशी. बस कॉलनीत शिरत नाही म्हणून घरात माणशी एक मोटरसायकल, आणि तीच संध्याकाळी तुमच्या चौकात उभी असते.

थोडं उलट बाजूनेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. जिथे चारही बाजूंना रस्ता पूर्ण रुंदीचा आहे आणि फक्त वेळा चुकलेल्या आहेत तिथे कॅमेऱ्याच्या सिग्नलने खरंच फरक पडतो, मध्यरात्री रिकाम्या चौकात उगाच थांबावं लागत नाही हेही खरं. सरसकट रस्ता रुंद करा असंही माझं म्हणणं नाही, जुन्या गावठाणात तर अजिबात नाही, तिथे एकेरी वाहतूक आणि पार्किंगची शिस्त एवढंच करता येतं. नदीच्या पुलावर जाम असेल तर ती गोष्टच वेगळी, २०१९ च्या पुरात पांझरेवरचे पूल बंद झाले तेव्हा देवपूरवाल्यांना कळलं की आपल्याला दुसरा रस्ताच नाही. आणि ज्यांची जमीन जाते त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, टीडीआरचा (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करायच्या हक्काचा) कागद लहान शहरात पटकन विकला जात नाही, त्यामुळे रोख पैसे द्यायला हवेत. नानांच्या गाळ्यांच्या जागेचे पैसे मिळाले तर मला आनंदच आहे, मी ते कधीच नाकारलं नाही.

तुमच्या चौकापुरतं म्हणाल तर निवेदनावर सही करायच्या आधी डीपीचा भाग नकाशा काढा, पन्नास मीटरची फीत घ्या आणि चारही बाजूंची चालू रुंदी मोजा, कागदावरची नाही. जी बाजू सगळ्यात अरुंद निघेल तिथेच तुमचं उत्तर आहे.

चुलतभाऊ हे वाचेल, तो इथे असतो मला माहीत आहे. आप्पांनी तुमच्या बाजूच्या कोपऱ्यासाठीही दगड ठेवला होता, नानांच्या समोर, त्याच ट्रकने, त्याच दिवशी. तो तुझ्या शेवटच्या गाळ्याच्या मागे अजून आहे, फरशीच्या काठाला अर्धा दिसतो. फीत माझ्याकडे आहे, रविवारी मी घरीच असतो.