वानखेडेला मॅच आहे, मग खायचं कुठे?

मॅचचा सीझन जवळ आला की आमच्याकडे तिकिटांपेक्षा पोटापाण्याचेच प्रश्न जास्त येतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तिकीट एकदा मिळालं की मिळालं, पण वानखेडेला चार-पाच तास बसायचं तर पोटात काय आहे त्याच्यावर सगळी मजा असते. या वेळी आलेल्या प्रश्नांतले काही निवडून उत्तरं देतेय.

आम्ही चार मित्र नाशिकहून आयपीएलची साडेसातची मॅच बघायला येणार आहोत. ट्रेनने सीएसएमटीला उतरू. स्टेडियमच्या जवळ, गेटच्या आसपास चांगलं आणि खिशाला परवडेल असं काय आहे? – एक वाचक, नाशिकरोड

दादा, गेटच्या आसपास हा हट्टच सोडा. वानखेडेचा नकाशा जरा डोळ्यासमोर आणा, एका बाजूला वेस्टर्न रेल्वेचे रूळ, दुसरीकडे जिमखाने आणि मग थेट मरीन ड्राइव्ह, म्हणजे हॉटेलांची रांग लागायला जागाच नाही तिथे. शेजारच्या ब्रेबॉर्न स्टेडियमचं उलटं आहे, ते १९३७ चं, आणि त्याच्या इमारतीतच वीर नरिमन रोडच्या बाजूला हॉटेलं, दुकानं आहेत, त्यामुळे चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडलेली सगळी गर्दी तिकडेच घुसते. मॅचच्या दिवशी पाच वाजल्यानंतर तिथे बसायला खुर्ची मिळणं कठीण, मिळाली तरी ऑर्डर यायला वेळ लागतो आणि तुमचं अर्धं लक्ष घड्याळाकडे.

तुम्ही सीएसएमटीला उतरताय ना, मग तुमचं काम सोपं आहे. आझाद मैदानाच्या कडेने चालत धोबीतलावला या, मेट्रो सिनेमाचा चौक, दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिथे मेट्रोच्या समोर कयानी अँड कंपनी आहे, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. चौघं आहात तर खिमा पाव दोन, अकुरी (म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी) एक आणि ब्रून मस्का प्रत्येकी एक मागवा. ब्रून म्हणजे वरून कडक पाव, तो तसाच चावायला जाल तर टाळूला लागेल, चहात बुडवायचा आणि दोन सेकंद धरायचा, लोणी वितळून चहावर तरंगायला लागलं की मग खायचा. मावा केक पॅक करून घेऊ नका, गेटवर टाकून द्यायला लागेल आणि जीव हळहळेल, तिथेच खा. कयानीत जागा नसेल तर जवळच मरीन लाइन्सच्या बाजूला ससानियन आहे, १९१३ चं, तेही तितकंच जुनंजाणतं. ही दोन्ही ठिकाणं मॅच सुटल्यावर उघडी नसतात, म्हणून जायचं ते आधीच. साडेचारला बसा, साडेपाचला उठा, मरीन लाइन्सच्या बाजूने स्टेडियमला चालत जा.

खरं सांगू का, ही इराणी हॉटेलं एकेक करून कमी होत चाललीत, आणि मॅचच्या दिवशी हजारो लोक त्यांच्यापासून एवढ्याशा अंतरावरून जातात आणि गेटवरचं काहीतरी कोमट खाऊन आत शिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वनडे मॅचला वडिलांना घेऊन जातेय, त्यांचं वय ७२, डायबेटिस आहे. मॅच दुपारी सुरू होते. त्यांच्या खाण्याचं आणि पाण्याचं कसं करू? – एक वाचक, ठाणे

ताई, पहिली गोष्ट, बाहेरचं खाणं आणि पाण्याची बाटली आत नेता येत नाही, नाणी आणि पॉवर बँकसुद्धा अडवतात, प्रत्येक मॅचची यादी तिकिटाबरोबर येते ती आदल्या दिवशीच नीट वाचा. औषधांसाठी मात्र डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा आणि गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डबीत काढून नको, म्हणजे गेटवर समजावून सांगता येतं.

मॅच दीड-दोनला असेल तर बाबांचं जेवण साडेअकरा ते बाराच्या मधे उरकायचं. चर्चगेट स्टेशनसमोर उडपी हॉटेलं आहेत, त्या वेळेला तिथे अजून रेटारेटी नसते, इडली किंवा दहीभात घ्या, पुरीभाजी आणि तळलेलं नको कारण नंतर उन्हात बसायचंय. रविवारी मॅच असेल तर एक लक्षात ठेवा, चर्चगेट आणि फोर्ट हा ऑफिसचा एरिया आहे, क्रॉस मैदानालगतच्या खाऊगल्लीसारख्या जागा कामाच्या दिवसांवर चालतात, रविवारी तिथे भरवशाने जाऊ नका.

आत गेल्यावर बसण्याआधीच पाणी घेऊन ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इनिंग ब्रेकची वाट बघू नका. ब्रेक झाला की अख्खं स्टँड एकदम उठतं आणि स्टॉलवर अशी झुंबड उडते की पुढच्या इनिंगच्या पहिल्या ओव्हरी रांगेतच जातात. ४२-४३वी ओव्हर चालू असताना तुम्ही एकट्या खाली जाऊन सँडविच आणि पाणी आणा, बाबांना जिने चढउतार करायला लावू नका. साखर एकदम खाली गेली तर काय, हा विचार मनात असणारच, त्यासाठी ग्लुकोजची पुडी औषधांच्या पाकिटातच ठेवा आणि गेटवर आपणहून दाखवा.

ज्या दिवशीचं तिकीट मिळालंय त्या दिवशी नेमकी संकष्टी आहे. उपास मोडायचा नाही. काही सोय होईल का? – एक वाचक, डोंबिवली

होईल की, आणि तीही झकास. तुम्ही दादरला गाडी बदलून वेस्टर्नची स्लो घ्या आणि चर्नी रोडला उतरा. पाच-दहा मिनिटांवर ठाकूरद्वारला विनय हेल्थ होम आहे, त्यांची मिसळ प्रसिद्ध आहे पण तुम्हाला त्या दिवशी ती बघूनच समाधान मानायला लागेल, साबुदाणा खिचडी मागवा. गिरगावात पणशीकरांकडे पियूष प्या, थंडगार, जायफळाचा वास येणारं, एप्रिलच्या उकाड्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मेट्रो तीनचं गिरगाव स्टेशनही ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळे अंधेरी-बीकेसीकडून येणाऱ्यांनाही गिरगाव आता सोपं झालंय.

मला तर वाटतं की उपास नसला तरी मराठी माणसाने वानखेडेला जाताना गिरगावावरूनच जावं. मुंबईचं क्रिकेट घडलं ते मैदानांवर आणि या चाळींच्या अंगणात, आणि इथलं खाणं अजून घरच्यासारखं साधं आहे.

आता अडचण चंद्रोदयाची. संकष्टीचा चंद्र रात्री नऊ-साडेनऊच्या पुढेमागे उगवतो, म्हणजे तुम्ही आत असाल आणि दुसरी इनिंग सुरू असेल. आत मोदक मिळणार नाही हे नक्की! म्हणून साडेचार-पाचला खिचडी पोटभर खा, आत पाणी आणि चालत असतील तर खारे वेफर्स एवढंच घ्या, आणि उपास घरी जाऊन सोडा. घरच्यांना सांगून ठेवा की वरणभात झाकून ठेवा म्हणून.

मॅचच्या आधी मित्रांबरोबर एखादी बिअर घ्यायची आहे. स्टेडियमजवळ शांत जागा सुचवाल का? – एक वाचक, पुणे

शांत जागा मॅचच्या दिवशी तिथे नाहीच, पण चांगल्या जागा आहेत. चर्चगेटहून कुलाब्याला टॅक्सीने जा. कॉजवेवर लिओपोल्ड आहे, १८७१ पासूनचं, आणि त्याच्या जवळच मोंडेगार, ज्याच्या भिंतींवर गोव्याच्या मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, बिअर येईपर्यंत एकेक चेहरा बघत बसावं, वेळ कसा जातो कळत नाही. खिसा हलका असेल तर कुलाब्यातच गोकुळ आहे. चर्चगेटलाच थांबायचं आणि नीट टेबलावर जेवायचं असेल तर वीर नरिमन रोडवर गेलॉर्ड, १९५६ चं, पण टेबल आधी बुक करा.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे, ग्रुपमधे कोणी लहान असेल तर त्याच्यासाठी रासबेरी सोडा मागवा, पालनजीचा मिळाला तर उत्तम, १८६५ पासून बनवतात. आणि एकच घ्या, खरंच. झिंगलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवतात आणि शेजारी कोणाचीतरी आठ-दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा मॅच बघायला आलेली असते, तिचा दिवस खराब करायचा आपल्याला काही अधिकार नाही.

मॅच साडेअकराला संपते. मुलं तोवर भुकेने रडकुंडीला येतात. तेव्हा काय उघडं असतं? – एक वाचक, विरार

आधी शेवटच्या विरार लोकलची वेळ बघून ठेवा, मग भूक. मॅच सुटली की चर्चगेटच्या दिशेने माणसांचा लोंढा सुटतो, मुलं बरोबर असताना त्यात घुसू नका, पंधरा-वीस मिनिटं सीटवरच बसून राहा, आणि हात धरून मरीन लाइन्सला जा, तिथे गर्दी जरा विरळ असते. पण विरार फास्ट बहुतेक मरीन लाइन्सला थांबत नाही, तेव्हा स्लो पकडून पुढे बदला.

वेळ हाताशी असेल आणि मुलं जागी असतील तर मरीन ड्राइव्हवरून गिरगाव चौपाटीला चालत जा, दोनेक किलोमीटर, मोठ्यांना अर्धा तास पुरे, छोटं मूल असेल तर टॅक्सी करा. चौपाटीवर भेळ, पावभाजी, कुल्फी, मुलं एकदम खूष. मांसाहारी असाल तर कुलाब्याला ताजच्या मागच्या गल्लीत बडेमिया, १९४६ पासून सीख कबाब आणि रुमाली रोटी, ती जागा रात्रीच जागी होते.

आणि मुलांना मॅचच्या आधी ब्रेबॉर्नच्या इमारतीतलं के. रुस्तम नक्की दाखवा. १९५३ चं दुकान, आइस्क्रीमची जाड चौकोनी वडी दोन पातळ वेफर्सच्या मधे ठेवून कागदात देतात. उन्हाळ्यात ते लगेच कडेने वितळायला लागतं, तेव्हा मधून चावायचं नाही, चारही कोपरे फिरवत फिरवत आत यायचं आणि खाली रुमाल धरायचा, इंडियाचा टीशर्ट नवा असेल तर विशेषकरून.

हेच प्रश्न गहुंजेसाठी विचारते. पुण्यातल्या स्टेडियमजवळ काय मिळेल? – एक वाचक, कोथरूड

गहुंजेचं सगळंच वेगळं. एक्सप्रेसवेच्या कडेला, गावाबाहेर स्टेडियम, चालत जाऊन खाण्यासारखा बाजारच नाही, म्हणून तिथे पोहोचल्यावर बघू असं म्हणूच नका. कोथरूडहून निघताय तर घरूनच जेवून निघा किंवा निगडीत थांबा, मुंबईकडून येणाऱ्यांनी तळेगाव नाहीतर सोमाटणे फाट्याला खाऊन घ्यावं. खरी परीक्षा मॅच सुटल्यावर असते, पार्किंगमधून गाडी बाहेर यायलाच खूप वेळ जातो, त्या वेळेसाठी गाडीतच डबा ठेवा, दशम्या, चटणी, केळी आणि दोन मोठ्या बाटल्या पाणी. बाटल्या उन्हात तापतात म्हणून ओल्या टॉवेलात गुंडाळून सीटखाली ठेवा.